कांद्याच्या मुळातला न्यूक्लियस रंगवायचा तर: कुठला भाग कुठला रंग धरतो आणि का

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं एकच वाक्य जर्नलमध्ये उतरतं, "न्यूक्लियस गडद रंगलेला दिसतो." वाक्य चूक नाहीये पण अर्धवट आहे, कारण न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्रक, अख्खा असा कधीच रंगत नाही, त्याच्या आतल्या वेगवेगळ्या वस्तू रंगतात आणि प्रत्येक स्टेन, म्हणजे रंगवायचं द्रव्य, त्यातली वेगळी वस्तू पकडतो. एका स्टेनमध्ये जो भाग पांढरट भोकासारखा दिसतो तोच दुसऱ्या स्टेनमध्ये सगळ्यात काळा दिसतो. हे मी सांगतोय तो भाग म्हणजे न्यूक्लिओलस, पुस्तकातली केंद्रकी. मी बरीच वर्षं प्रॅक्टिकल घेतोय आणि माझं ठाम मत आहे की एकाच कांद्याची मुळं तीन वेगळ्या पद्धतीने रंगवून शेजारी शेजारी ठेवली की जे समजतं ते दहा डायग्राम पाठ करून समजत नाही. म्हणून ही पद्धत नीट सविस्तर लिहितोय, कुठे काय बिघडतं तेही.

आधी आत काय काय आहे ते थोडक्यात, कारण त्याशिवाय रंगाचा अर्थ लागणार नाही. न्यूक्लियसमध्ये क्रोमॅटिन असतं, म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी हिस्टोन नावाची प्रथिनं. न्यूक्लिओलस असतो, जिथे रायबोसोमचा (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांचा) आरएनए तयार होतो, तिथे आरएनए आणि प्रथिनं खच्चून भरलेली आणि डीएनए अगदी कमी. बाहेरून दुपदरी आवरण. आणि मधल्या जागेत न्यूक्लिओप्लाझम, ज्याला साध्या स्टेनमध्ये स्वतःचा असा फारसा रंगच येत नाही.

आता रंगाचं गणित. डीएनए आणि आरएनए दोघांच्याही कण्याला फॉस्फेट असतात आणि फॉस्फेटवर ऋण भार असतो. बेसिक डाय म्हणजे ज्यांचा रंगीत भाग धन भाराचा असतो, मिथिलीन ब्लू, टोलुइडिन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, सॅफ्रॅनिन हे सगळे त्यातले, ते जाऊन फॉस्फेटला चिकटतात. अॅसिड डाय उलटे, इओसिन, लाइट ग्रीन, हे प्रथिनांच्या धन भाराच्या गटांना धरतात म्हणून सायटोप्लाझम, म्हणजे न्यूक्लियसबाहेरचा पेशीतला भाग, गुलाबी किंवा हिरवा होतो. इथे बेसिक म्हणजे सोपा असं काही पोरांना वाटतं, तसं नाही, आम्लारीमधला बेसिक आहे तो. वाल्टर फ्लेमिंगने १८८० च्या आसपास क्रोमॅटिन हा शब्द काढला तोच मुळी ते रंग चांगला धरतं म्हणून, आणि १८८८ मध्ये वाल्डायरने क्रोमोसोम हा शब्द दिला तोही रंगावरूनच. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत गुणसूत्रांना रंगसूत्रं म्हटलेलं सापडतं, मला तो शब्द फार आवडतो, त्यात आख्खी गोष्ट आहे.

कांदाच का

कांद्यात गुणसूत्रं १६, मोठी मोठी, आणि त्याचा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, माणसाच्या जवळपास पाचपट आहे, त्यामुळे न्यूक्लियस भरगच्च आणि रंग भरपूर धरतो, मायक्रोस्कोपच्या ४० पट ऑब्जेक्टिव्हलाही आतलं सगळं दिसतं. गालाच्या आतल्या पेशी घेतल्या तर न्यूक्लियस दिसतो पण आत काय चाललंय ते कळत नाही, त्या पेशी म्हातारपणाकडे झुकलेल्या असतात आणि त्यांचा न्यूक्लिओलस शोधूनही मिळत नाही. मुळाच्या टोकाशी मात्र पेशी सारख्या वाढत, विभागत असतात, प्रथिनं बनवायचा कारखाना चोवीस तास चालू, म्हणून न्यूक्लिओलस टपोरा.

कांदा घेताना थोडा कोंब फुटलेला घ्या. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक नावाचं केंद्र आहे, तिथे कांद्याला कोंब येऊ नये म्हणून गॅमा किरणांचा मारा करतात, तसला कांदा चुकून हाती आला तर मुळं धरेलच याची खात्री नाही. कोंब दिसत असेल तर शंकाच राहत नाही. खालची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढा पण बुडाची चकती कापू नका, नवीन मुळं तिथूनच येतात. पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. रोज पाणी बदला, नाहीतर बुळबुळीत होऊन सडतो. तीन ते पाच दिवसांत दोन-तीन सेंटिमीटरची मुळं येतात, पांढरी, ताठ. पिवळी पडलेली किंवा लुळी मुळं घेऊच नका.

मुळं सकाळी आठ-दहाच्या सुमारास कापायची पद्धत आहे, विभाजनाच्या अवस्था बघायच्या असतील तर ती वेळ पाळा. आपल्याला इथे मुख्यतः इंटरफेजमधला, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातला, न्यूक्लियस बघायचाय त्यामुळे दुपारी कापलीत तरी चालेल. टोकाकडचा एक सेंटिमीटर कापायचा आणि लगेच, अक्षरशः लगेच फिक्सेटिव्हमध्ये टाकायचा.

फिक्सेटिव्ह म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत पक्की करणारं मिश्रण, तीन भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड. हे त्या त्या दिवशी ताजं बनवा, कालचं उरलेलं वापरू नका, दोन्ही एकमेकांशी हळूहळू रिअॅक्शन करत राहतात. मुळं त्यात रात्रभर, साधारण २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवली की काही आठवडे आरामात टिकतात. फिक्सिंगला लोक घाई करतात आणि मग स्टेनला दोष देतात. जिवंत पेशी बराचसा रंग आत घेतच नाही, आणि अर्धवट फिक्स झालेल्या पेशीत क्रोमॅटिन विस्कटतं, मग कितीही महागडा स्टेन आणा, धुरकटच दिसणार.

पहिली स्लाइड: अॅसेटोकार्मिन

कार्मिन हा कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळणारा लाल रंग. ४५ टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये एक टक्का कार्मिन उकळून, गार करून, गाळून घ्यायचं की झालं अॅसेटोकार्मिन. यात एक जुनी गोम आहे: कार्मिनचा रंगीत रेणू स्वतः धन भाराचा नसतो, त्याला क्रोमॅटिनशी जोडायला मध्ये धातू लागतो, अॅल्युमिनियम किंवा लोखंड. म्हणून जुने लोक गंजलेल्या सुईने मूळ फोडायचे, त्या गंजातलं लोखंड पुरतं. आजही एखादा गंजका खिळा क्षणभर बुडवून काढला की लाल रंग जरा जांभळट, गडद होतो. जास्त वेळ ठेवलात तर मात्र सगळा गाळ खाली बसतो आणि स्लाइडवर काळे ठिपके येतात, ते ठिपके म्हणजे गुणसूत्रं असं लिहिलेली जर्नलं मी तपासलीयेत.

वॉचग्लासमध्ये नऊ थेंब अॅसेटोकार्मिन, एक थेंब १ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक अॅसिड, त्यात दोन-तीन मुळं. स्पिरिट लॅम्पवर वॉचग्लास धरा, वाफ दिसू लागली की बाजूला घ्या, परत धरा, असं तीन-चार वेळा. उकळू द्यायचं नाही. उकळलं की पेशी कडक होतात, स्क्वॅश, म्हणजे दाबून पातळ पसरणं, होत नाही, सगळा गोळा राहतो. मग झाकून १५-२० मिनिटं तसंच ठेवा. इथलं अॅसिड दोन कामं करतं, पेशी-पेशींमधला पेक्टिनचा चिकटपणा सोडवतं आणि सायटोप्लाझमवरचा फालतू रंग उतरवतं.

आता मूळ स्लाइडवर ४५ टक्के अॅसेटिक अॅसिडच्या थेंबात घ्या. बघाल तर टोकाजवळचा एक-दोन मिलिमीटरचा भाग सगळ्यात गडद आहे. का? कारण तिथल्या पेशी छोट्या आणि न्यूक्लियस मोठे, दाटीवाटीने. तेवढाच भाग ठेवायचा, मागचा सगळा काढून टाकायचा, दया माया नको, मागच्या लांबुडक्या पेशी ठेवल्यात तर कव्हरस्लिप टेकतच नाही. कव्हरस्लिप ठेवा, काडेपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने हलकं हलकं ठोका, पेशी ढगासारख्या पसरताना डोळ्यांनी दिसतात. मग वर फिल्टर पेपरची घडी आणि अंगठ्याने सरळ खाली दाब, अजिबात न सरकवता. सरकलं की न्यूक्लियस लांबट ओघळ होतात, आणि तसे ओघळ दिसले की समजायचं दाबताना हात हलला.

मायक्रोस्कोपला आधी १० वर शोधा मग ४० वर जा. रंगवलेली स्लाइड बघताना डायफ्रॅम बऱ्यापैकी उघडा ठेवा, सगळे तो मिटून ठेवतात कारण न रंगवलेल्या पेशी बघताना तसं शिकवलेलं असतं, पण त्याने कडा काळ्या होतात आणि रंगातला फरक मरतो. हिरवा फिल्टर असेल तर जरूर लावा, लाल रंग हिरव्या उजेडात काळसर उठून दिसतो.

काय दिसेल? लाल, दाणेदार, जाळीसारखा न्यूक्लियस आणि त्यात एक-दोन, कधी जास्त, गोल फिकट जागा. इथे थांबा. या फिकट गोलाला पोरं हवेचा बुडबुडा म्हणतात, व्हॅक्युओल म्हणतात, काहीजण चित्रातून सरळ वगळून टाकतात. तोच न्यूक्लिओलस आहे. बुडबुडा असता तर त्याला काळी जाड कड आली असती आणि फोकस हलवल्यावर तो चमकला असता. अॅसेटोकार्मिन क्रोमॅटिनला धरतं आणि न्यूक्लिओलसला फारसं धरत नाही, म्हणून तो भोकासारखा दिसतो. अॅसेटो-ऑर्सिन वापरलंत, जे दगडफुलासारख्या लायकेनपासून येतं, तरी साधारण हेच चित्र, फक्त रंग जांभळट-तपकिरी. त्याच स्लाइडवर प्रोफेजच्या, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या अवस्थेच्या, शेवटच्या टप्प्यातली पेशी सापडली तर बघा, तिथे हे फिकट गोल नाहीसे झालेले असतात, आणि टेलोफेजमध्ये, म्हणजे विभाजनाच्या शेवटच्या अवस्थेत, परत येतात.

लाल जाळीतसुद्धा सगळं सारखं लाल नसतं. काही ठिपके गडद, काही भाग पुसट. एमिल हाइट्झने १९२८ मध्ये मॉसच्या पेशींत हेच बघून गडद राहणाऱ्या भागाला हेटरोक्रोमॅटिन आणि पुसट भागाला युक्रोमॅटिन म्हटलं. इथे रंग वेगळा नाही, रसायन वेगळं नाही, गुंडाळी घट्ट आहे एवढंच. एकाच लोकरीचा सैल गुंता आणि घट्ट गुंडा शेजारी ठेवले तर गुंडा गडद दिसतो तसं.

दुसरी स्लाइड: फॉयल्गेन

ही माझी सगळ्यात आवडती पद्धत आणि सगळ्यात जास्त बिघडणारी. रॉबर्ट फॉयल्गेन आणि रॉसेनबेक यांनी १९२४ मध्ये दिली. यात भाराचा खेळ नाहीये, खरीखुरी रासायनिक रिअॅक्शन आहे. गरम अॅसिड डीएनएमधले प्युरिन बेस तोडून काढतं, तिथली साखर उघडी पडते आणि तिच्यावर अल्डिहाइड गट तयार होतो, मग शिफ रिएजंट, जे स्वतः बिनरंगी असतं, त्या अल्डिहाइडला भेटून किरमिजी होतं. आरएनएच्या साखरेत एक जास्तीचा हायड्रॉक्सिल असतो, ती या अॅसिडमध्ये अशी अल्डिहाइड देत नाही, म्हणून आरएनए रंगतच नाही. म्हणजे फॉयल्गेनमध्ये किरमिजी दिसलं तर तो डीएनए, एवढं स्पष्ट.

१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड वॉटर बाथमध्ये ६० डिग्रीला आधीच गरम करून ठेवा. आधीच, हा शब्द लक्षात ठेवा. गार अॅसिडमध्ये मुळं टाकून मग बाथमध्ये ठेवली तर नेमकी किती मिनिटं ६० डिग्री मिळाली ते कळतच नाही. पाण्याने धुतलेली मुळं त्यात ८ ते १० मिनिटं, मग लगेच गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढा म्हणजे रिअॅक्शन तिथेच थांबते. एकदा आमच्या बाथचा थर्मोस्टॅट बिघडला होता, काटा ६० दाखवत होता आणि आत पाणी बरंच जास्त तापलेलं, त्या दिवशी पूर्ण बॅचची मुळं फिकट गुलाबीवर थांबली आणि दोन तास आम्ही शिफ रिएजंटला दोष देत बसलो. कमी वेळ ठेवलं तर पुरेसे अल्डिहाइड तयार होत नाहीत, जास्त ठेवलं तर डीएनएच तुटून विरघळून निघून जातो, दोन्हीकडे फिकटच दिसतं. तेव्हापासून मी बाथमध्ये वेगळा काचेचा थर्मामीटर ठेवतो. बाथच नसेल तर ५ नॉर्मल अॅसिड खोलीच्या तापमानाला वापरायची पद्धत आहे, तिला वेळ जास्त लागतो पण पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर एवढं नुकसान होत नाही, नवशिक्यांनी खरं तर तीच करावी.

मग मुळं शिफमध्ये, झाकण बंद छोट्या बाटलीत, अंधारात अर्धा ते एक तास. टोकं आपोआप गडद किरमिजी होतात, बाकी मूळ पांढरं राहतं, हे नुसत्या डोळ्यांनी बघायला फार सुंदर दिसतं. मग ४५ टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये आधीसारखंच स्क्वॅश. शिफ रिएजंट विकत मिळतं, तेच आणा, घरगुती बनवायला बेसिक फुक्सिन, मेटाबायसल्फाइट, कोळसा, एक रात्र, एवढा खटाटोप आहे. बाटली गुलाबी झाली असेल तर ती गेली. शंका असेल तर थोड्या फॉर्मॅलिनमध्ये दोन थेंब टाका, चटकन जांभळट-लाल झालं पाहिजे.

आणि एक मूळ अॅसिडमध्ये न घालता सरळ शिफमध्ये टाका. हे कंट्रोल. हे पांढरं राहिलं तरच तुमच्या बाकीच्या किरमिजी रंगाला अर्थ आहे. ते पण गुलाबी झालं तर कुठून तरी आगंतुक अल्डिहाइड आलाय, बऱ्याचदा फिक्सेटिव्हमधून, ग्लुटाराल्डिहाइड वापरलेलं असेल तर हे हमखास होतं. कंट्रोल वेळ नाही म्हणून टाळला जातो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, एका मुळाचा तर प्रश्न आहे.

या स्लाइडमध्ये न्यूक्लिओलस पूर्ण बिनरंगी, अॅसेटोकार्मिनपेक्षाही स्वच्छ भोक. सायटोप्लाझम कोरा. शिवाय फॉयल्गेनचा रंग डीएनएच्या प्रमाणात येतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन न्यूक्लियसपैकी एक जास्त गडद आणि मोठा दिसला तर तो विभाजनाआधी डीएनए दुप्पट करून बसलेला असू शकतो. डोळ्यांनी ठामपणे सांगता येत नाही, त्याला प्रकाश मोजणारं यंत्र लागतं.

तिसरी स्लाइड: टोलुइडिन ब्लू

इथे चित्र उलटतं. मूळ यावेळी कुठल्याही रंगाशिवाय, नुसतं ४५ टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये स्क्वॅश करा, स्लाइडला आधी अंड्याच्या पांढऱ्याचं आणि ग्लिसरीनचं पातळ बोट फिरवलेलं असू द्या म्हणजे पेशी चिकटून राहतील. मग स्लाइड पेट्री डिशमध्ये १० टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये उलटी ठेवा, कव्हरस्लिप स्वतःहून सुटून पडेपर्यंत थांबा. ओढायची नाही. अल्कोहोलमधून काढून वाळवा. मग ०.०५ टक्के टोलुइडिन ब्लू, अॅसिटेट बफरमध्ये (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ४ च्या आसपास, एक-दोन मिनिटं, मग पाण्यातून काढा, वाळवा, बघा.

अॅसिडमध्ये गरम केलेलं मूळ इथे वापरू नका, आरएनए अॅसिडमध्ये आधीच धुऊन गेलेला असतो आणि मग नेमकं जे दाखवायचं तेच दिसत नाही. पीएच का सांभाळायचा तेही सांगतो कारण बफर नाही म्हणून साध्या पाण्यात रंग करणारे खूप आहेत. पीएच ७ च्या पुढे गेला की प्रथिनांवरचे कार्बॉक्सिल गटही ऋण भाराचे असतात, मग बेसिक डाय त्यांनाही चिकटतो आणि सगळी पेशी निळी भक्क. पीएच ४ कडे आणला की बरेचसे कार्बॉक्सिल गप्प बसतात, फॉस्फेटचा भार मात्र तसाच राहतो, मग निळा रंग न्यूक्लिक अॅसिडचाच.

आता बघा: क्रोमॅटिन निळं आणि मघाशी जे भोक होतं तो न्यूक्लिओलस गडद निळा-जांभळा, ठसठशीत. सायटोप्लाझमलाही निळी झाक आहे कारण तिथे रायबोसोम ठासून भरलेत. आरएनए एकेरी धाग्याचा, त्याच्यावर रंगाचे रेणू जवळजवळ रांगेत बसतात तेव्हा रंगाची छटा जांभळ्याकडे सरकते, त्याला मेटाक्रोमेसिया म्हणतात.

हा आरएनएच कशावरून? बेल्जियमच्या जाँ ब्राशे यांनी १९४० च्या दशकात हाच प्रश्न एन्झाइम वापरून सोडवला. तुमच्याकडे रायबोन्यूक्लिएज असेल तर एक स्लाइड त्यात ३७ डिग्रीला तासभर ठेवा, दुसरी तेवढाच वेळ नुसत्या बफरमध्ये, मग दोन्ही एकत्र रंगवा. पहिलीत न्यूक्लिओलसचा आणि सायटोप्लाझमचा रंग जातो, क्रोमॅटिन तसंच निळं राहतं. बफरवाली स्लाइड विसरू नका, नाहीतर रंग एन्झाइमने गेला की तासभर गरम पाण्यात राहून गेला ते सांगता येणार नाही.

एन्झाइम परवडत नसेल तर मिथिल ग्रीन-पायरोनिन हा मिश्र स्टेन आहे, तयार मिळतो. मिथिल ग्रीन अखंड दुहेरी डीएनएला धरतो, क्रोमॅटिन निळसर हिरवं. पायरोनिन आरएनएला, न्यूक्लिओलस गुलाबी-लाल. एका स्लाइडवर दोन्ही रंग, पण हा फार नाजूक आहे. मिथिल ग्रीनमध्ये क्रिस्टल व्हायोलेटची भेसळ असते, क्लोरोफॉर्म घालून हलवत राहायचं, क्लोरोफॉर्मचा थर जांभळा यायचा थांबेपर्यंत. हे न करता वापरलं तर सगळंच जांभळं. रंगवून झाल्यावर पाण्यात अगदी क्षणभर, आणि साध्या अल्कोहोलने धुवायचं नाही, पायरोनिन निघून जातो, ब्युटेनॉल वापरतात. गरम अॅसिड इथेही चालत नाही, डीएनएचे दोन धागे सुटे झाले की मिथिल ग्रीन त्याला ओळखत नाही.

न्यूक्लिओलसच्या प्रथिनांसाठी चांदीचा स्टेन असतो, सिल्व्हर नायट्रेटचा, त्यात न्यूक्लिओलसच काळाकुट्ट आणि बाकी फिकट पिवळं. कॉलेजात सहसा कोणी करत नाही, हात आठवडाभर काळे राहतात, पण सोय असेल तर बघाच.

आवरणाचं काय

व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात, न्यूक्लियर मेंब्रेन कुठल्या स्टेनने दिसतं? पोरं काहीतरी नाव ठोकून देतात. खरं उत्तर असं की साध्या मायक्रोस्कोपखाली ते दिसत नाही. दोन्ही पदर आणि मधली फट धरून त्याची जाडी जेमतेम ३० ते ५० नॅनोमीटर, आणि साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास. शिवाय अल्कोहोलने फिक्स केल्यावर त्यातलं बरंच लिपिड विरघळून गेलेलं असतं. मग न्यूक्लियसच्या भोवती जी गडद रेघ दिसते ती काय? ते आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेलं हेटरोक्रोमॅटिन. म्हणजे आपण भिंत बघत नाही, भिंतीला टेकवून ठेवलेलं सामान बघतो आणि त्यावरून भिंत कुठे आहे ते ओळखतो. चित्रात रेघ काढा, लेबल लावताना "आवरणाची सीमा" लिहा.

हॉस्पिटलच्या बायोप्सीत चालतो तो हेमॅटॉक्सिलिन-इओसिनचा स्टेन, त्याबद्दल थोडंच. हेमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं, तेही कार्मिनसारखंच तुरटीतल्या अॅल्युमिनियमच्या मदतीने धरतं. रंगवल्यावर आधी लालसर-जांभळं असतं आणि थोड्या अल्कलाइन पाण्यात निळं होतं, म्हणून लॅबमध्ये नळाखाली धरतात. न्यूक्लिओलस त्यात निळसर-जांभळा, कधी लालसर झाक, कारण आरएनए एका रंगाला आणि प्रथिनं दुसऱ्याला धरतात.

गालाच्या पेशींत ऑर्सिनने बार बॉडीही दिसते, न्यूक्लियसच्या कडेला चिकटलेला जेमतेम एक मायक्रॉनचा गडद ठिपका, म्हणजे मिटवून ठेवलेलं एक एक्स गुणसूत्र, जे दोन एक्स असणाऱ्यांत, सहसा बायकांत, दिसतं. बार आणि बर्ट्रम यांनी १९४९ मध्ये मांजराच्या चेतापेशींत तो पाहिला. हेटरोक्रोमॅटिनचं याहून चांगलं उदाहरण नाही. पण वर्गात एकमेकांच्या पेशी घेऊन हे तपासायला लावू नका. एकाच माणसाच्या सगळ्या पेशींत तो दिसत नाही, वाचणारा चुकू शकतो, आणि एखाद्याच्या शरीराची खाजगी गोष्ट अशी वर्गात उघडी पडणं मला बरोबर वाटत नाही. तयार स्लाइड मागवा.

घरी करून बघायचं असेल तर अॅसिड-बिसिडच्या वाटेला जाऊ नका. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा घ्या, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब पाच मिनिटं, मग तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, भरपूर पाणी घालून पातळ केलेलं. तो बेसिक डायच आहे. व्हिनेगर न घालता आणि घालून असे दोन पापुद्रे करा, फरक लगेच दिसेल. दुसऱ्या पापुद्र्यावर टिंक्चर आयोडीन टाकलंत तर न्यूक्लियस पिवळट-तपकिरी होतो, तो रंग फॉस्फेटला धरून बसलेला नसतो, म्हणून त्यावरून डीएनए दिसला असं लिहू नका.

लॅबमध्ये करणाऱ्यांनी अॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही, फिक्सेटिव्ह आणि क्लोरोफॉर्म खिडकीजवळ किंवा फ्यूम हूडमध्ये, स्पिरिट लॅम्प पेटलेला असताना अल्कोहोलची बाटली टेबलावर नको. स्लाइडच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या की अॅसेटोकार्मिनची स्लाइड आठवडाभर तरी टिकते, टोलुइडिनची वाळवून कितीतरी जास्त. तिन्ही स्लाइड एका ट्रेमध्ये ओळीने लावा, प्रत्येकीवर पेन्सिलने स्टेनचं नाव, पीएच, किती मिनिटं, किती डिग्री लिहा, आणि चित्र काढताना तिन्हींमधला न्यूक्लिओलस एकाच मापाचा काढा, पहिल्या दोनांत कोरा आणि तिसऱ्यात भरलेला.